ऐयाराची झोळी

इ.स. १६१७ साली मांडवगडावर एका कथेकऱ्याची रुपयांनी तुला झाली. बादशहा जहांगीर त्या वर्षी दक्षिणेच्या राजकारणावर नजर ठेवण्यासाठी मांडवगडी तळ देऊन राहिला होता, आणि शाहजादा खुर्रम तापीकाठी बऱ्हाणपुरास बसून दक्षिणेतील शाह्यांशी तहाची बोलणी चालवीत होता. फौजा, वकील, नजराणे आणि खलिते यांच्या त्या गर्दीत सिंधमधील ठठ्ठा नगराहून मुल्ला असद नावाचा एक गृहस्थ दरबारी आला. त्याच्यापाशी ना सैन्य होते, ना जहागीर. होती ती केवळ वाणी. ती ऐकून बादशहा इतका प्रसन्न झाला की, त्याने मुल्लाला ‘महजूज खान’ हा किताब दिला. शिवाय एक हजार रुपये, मानाचा पोशाख, घोडा, हत्ती आणि पालखी दिली. काही दिवसांनी त्याला तराजूच्या एका पारड्यात बसविण्यात आले आणि दुसऱ्या पारड्यात रुपये ओतण्यात आले. काटा स्थिरावला तेव्हा चार हजार चारशे रुपये भरले. त्या काळच्या रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅम धरले, तर हा भार पन्नास किलोंच्या आसपास येतो. म्हणजे मुल्ला अंगाने शिडशिडीतच असावा. जहांगीराने ही सारी हकीकत आपल्या आत्मचरित्रात मोठ्या कौतुकाने नमूद केली आहे, आणि यापुढे गप्पांच्या बैठकीस या माणसाने नेहमी हजर राहावे, असा हुकूम दिल्याचेही लिहिले आहे.

मनात प्रश्न उभा राहतो तो असा की, ज्याच्या पायाशी निम्मा हिंदुस्थान होता, त्या बादशहाला गोष्टीची एवढी भूक का असावी? आणि ती भूक भागविणारा माणूस सिंधहून का यावा? या प्रश्नांची उत्तरे शोधू गेले असता वाट बऱ्हाणपूरवरून जाते.

मुल्ला असद हा ठठ्ठ्याच्या मिर्झा गाझी बेग याच्या पदरचा. मिर्झा गाझी हा स्वतः कवी आणि कवींचा आश्रयदाता, इ.स. १६१२ मध्ये तो कंदाहार येथे वारला आणि त्याच्या पदरची माणसे पांगली. या गाझीचा बाप मिर्झा जानी बेग हा सिंधच्या तर्खान राजवटीचा अखेरचा स्वतंत्र सत्ताधीश. अब्दुर्रहीम खानखानान याने १५९२ च्या सुमारास त्याला शरण आणले. हाच तो खानखानान, जो दोहे लिहिणारा ‘रहीम’ म्हणून घरोघर ठाऊक आहे आणि ज्याच्या आयुष्याचा मोठा काळ बऱ्हाणपुरात गेला. सिंधच्या विजयानंतर शिकेबी नावाच्या कवीने त्या विजयाचे काव्य रचले. त्यात त्याने पराभूत जानी बेगला हुमा पक्ष्याची, म्हणजे ज्याची सावली पडली असता माणूस राजा होतो त्या पक्ष्याची, उपमा दिली होती. खानखानानाने कवीला हजार मोहरा दिल्या, यात नवल नाही. नवल हे की, तेथे बसलेल्या जानी बेगनेही तेवढेच बक्षीस दिले. कारण विचारता तो म्हणाला, या कवीने मला हुमा म्हटले हीच देवाची कृपा. कोल्हा म्हटले असते तर त्याची जीभ कोण धरणार होते?

राज्य गेलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य विसरण्याजोगे नाही. त्याला तलवारीने जिंकता आले नाही, पण त्या सभेतला शेवटचा शब्द त्याचा ठरला. पुढे अकबराने असीरगडास वेढा घातला तेव्हा जानी बेग छावणीत होता. असा गड आपल्याजवळ असता तर आपण तो शंभर वर्षे लढविला असता, असे तो बोलून गेल्याचे सांगतात, आणि ते बोलणे बादशहाच्या कानी जाऊन त्याची मर्जी खप्पा झाली. असीरगड १६०१ च्या आरंभी पडला, आणि त्याच सुमारास हा हसरा पराभूत बऱ्हाणपुरातच मरण पावला.

परंतु बऱ्हाणपुराचा आणि सिंधचा संबंध एवढ्यावरच संपत नाही. गावातील सिंधीपुरा ही वस्ती त्याची साक्ष आहे. हे नाव ऐकून आजच्या माणसाला १९४७ च्या फाळणीनंतरचे निर्वासित आठवतात. पण सिंधीपुऱ्याची कहाणी त्याच्या चारशे वर्षे आधीची आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास सिंधमध्ये मोठी धामधूम माजली. तेव्हा तेथील पाट या गावचे एक विद्वान घराणे गुजरातच्या वाटेने वऱ्हाडात एलिचपुरास आले. शाह ईसा जुंदुल्ला या सूफी सत्पुरुषाचा जन्म १५५५ च्या सुमारास तेथेच झाला. पुढे हे घराणे फारुकी सुलतानांच्या बऱ्हाणपुरास गेले आणि सिंधहून आलेल्या लोकांची तेथे वस्ती झाली. शाह ईसा १६२२ मध्ये वारले. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन राज-ए-इलाही यांच्यापर्यंत ही परंपरा नांदती राहिली. दिल्लीच्या तख्तासाठी उत्तरेकडे निघालेला औरंगजेब १६५८ साली बऱ्हाणपुरात या सत्पुरुषाच्या भेटीस गेला होता. बऱ्हाणपुरातील या सिंधी संतांची चरित्रे मतीउल्ला राशिद बऱ्हाणपुरी यांनी एका उर्दू ग्रंथात एकत्र केली. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला.

गाव सोडून निघालेली माणसे बरोबर काय नेतात? भांडीकुंडी वाटेत विकली जातात, जनावरे मरतात, सनदा निरुपयोगी होतात. ज्याला भाडे पडत नाही आणि जकातही लागत नाही, असे एकच सामान असते, ते म्हणजे गोष्ट. विणकर, फकीर, शिपाई आणि व्यापारी यांच्या पायांनी गजबजलेल्या बऱ्हाणपुरासारख्या शहरात अशा सामानाला वाट पुसत यावे लागले नसावे.

त्या काळच्या कथेकऱ्याचे हुकमी आख्यान म्हणजे अमीर हमजाची दास्तान. जहांगीराच्याच काळात हिंदुस्थानात आलेल्या अब्दुन्नबी फखरुझ्झमानी या कथेकऱ्याने ही दास्तान कशी सांगावी याचे एक हातपुस्तकच फारसीत लिहून ठेवले आहे. नायकाचे नाव इस्लामच्या इतिहासातील एका पूज्य वीराचे असले तरी ही कथा इतिहास नव्हे. परीलोक, राक्षस, जादूगार, मायावी नगरे आणि अखंड युद्धे यांनी भरलेली ती एक अद्भुत कादंबरीच आहे. अकबराला तिचे वेड होते. १५६४ साली माळव्याच्या मोहिमेवर निघाला असता नरवरच्या रानात हत्तींच्या शिकारीतून सवड काढून तो दरबार खान या कथेकऱ्याकडून ती ऐकत बसला होता, अशी अबुल फझलची नोंद आहे. पुढे तो मांडवगडास पोचला आणि तेथे खानदेशच्या सुलतानाने आपली मुलगी त्याला दिली. ज्या मुक्कामापर्यंत मोगलांचे राजकारण पोचे, तेथपर्यंत हमजाची गोष्टही बरोबर जाई, ती अशी. अकबराने या दास्तानीची एक सचित्र प्रत करवून घेतली. कापडावर रंगविलेली सुमारे चौदाशे भव्य चित्रे, पाठीमागे मजकूर, आणि तयार होण्यास लागलेली जवळजवळ पंधरा वर्षे, असे ते काम होते. त्यांतील दोनशेसुद्धा आज शिल्लक नाहीत, आणि आहेत ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत.

या दास्तानीचा नायक हमजा. तो उदार आहे, शूर आहे, वचनाला जागणारा आहे, आणि खरे सांगायचे तर थोडा कंटाळवाणा आहे. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकत ते दुसऱ्याच एका पात्राच्या नावाने. तो अम्र ऐयार.

ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, चोर आणि विदूषक यांचे एकत्र झालेले रसायन. अम्र हा हमजाचा बालमित्र आणि त्याच्याच बरोबर एकाच दिवशी जन्मलेला. पण हमजा सरदाराघरी, तर अम्र उंटवाल्याच्या घरी. पाळण्यात असल्यापासूनच याचे हात चपळ. दुसऱ्या मुलांच्या वाट्याचे दूध तो पिऊन टाकतो, रात्री दायांच्या अंगावरचे दागिने लांबवतो आणि ते शेजारी झोपलेल्या निरपराध बाळांच्या उशाखाली ठेवून देतो. मोठेपणी त्याला देवदूत आणि पैगंबर यांच्याकडून अजब वस्तू मिळतात. पांघरताच माणूस दिसेनासा होतो अशी घोंगडी, काहीही पकडून आणणारे जाळे आणि सर्वांत नामांकित अशी ‘झंबील’, म्हणजे झोळी. या झोळीत अवघे जग मावते. सैन्ये, खजिने, नगरे, सारे काही तिच्यात जाते. मात्र तिच्यातून एक पैसा बाहेर काढायचा म्हटले की अम्रच्या जिवावर येते. मित्राने उसने मागितले तर तो दारिद्र्याची अशी रडगाणी गातो की, देणारा कोण आणि घेणारा कोण, हेच समजेनासे होते. शत्रूच्या छावणीत तो कधी म्हातारी होऊन शिरतो, तर कधी गवई होऊन. मद्यात गुंगीचे औषध मिसळतो, आणि सकाळी सेनापती जागा होतो तो अर्धी दाढी गेलेला, अंगावरचे अलंकार नाहीसे झालेला असा. हमजाला ज्यासाठी महिनाभर लढावे लागले असते, ते काम वस्तऱ्याच्या दोन फटकाऱ्यांत होऊन जाते.

या गोष्टीची गोडी नेमकी कशात आहे, हे पाहण्यासारखे आहे. येथे ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा नसतेच. अम्र सुटणार, हे श्रोत्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. त्याला पाहायचे असते ते हे की, या खेपेस तो कसा सुटतो. कुशल गवयाची समेवर येण्याची वाट जशी रसिकाला आगाऊ माहीत असते आणि तरी दर वेळी मान डोलते, तसाच हा आनंद. दास्तान सांगणारे लोक तर गोष्ट पुढे नेण्यापेक्षा ती थांबवून धरण्यात अधिक कसब मानीत. प्रियकर आणि प्रेयसी यांच्यामध्ये केवळ एक पडदा उरला असताना एका कथेकऱ्याने तो पडदा दिवसेंदिवस उचलूच दिला नाही, आणि तरी एकही श्रोता उठून गेला नाही, अशी आख्यायिका आहे. म्हणजे झोळी केवळ अम्रच्या खांद्यावर नव्हती. ती सांगणाऱ्याच्या गळ्यातही होती.

मराठी मनाला हा प्राणी परका वाटण्याचे कारण नाही. दूध पिणारा आणि आळ दुसऱ्यावर घालणारा तो पाळण्यातला चोर पाहताच गोकुळातल्या लोणीचोराची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. भांडण लावून देऊन वीणा वाजवीत दूर उभा राहणारा नारद तर मराठी बोलीत म्हणीसारखा रुळला आहे. त्याहून जवळचे उदाहरण हवे असेल, तर शाह ईसांचे जन्मगाव जे एलिचपूर, त्याच मुलखात रिद्धपूर आहे. तेथे तेराव्या शतकात गोविंदप्रभू उर्फ गुंडम राऊळ होऊन गेले. महानुभाव पंथ त्यांना ईश्वरावतार मानतो. म्हाइंभटांनी शतकाच्या अखेरीस संकलित केलेल्या त्यांच्या लीळा वाचताना दिसते ते असे: हा अवतार मुलांत मूल होऊन खेळतो, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खातो, देवळातल्या मूर्तींशी भांडतो, स्पृश्य-अस्पृश्याची रेघ पायाने पुसून टाकतो आणि खदखदा हसतो. गावकरी त्याला वेडा म्हणतात आणि त्याच्याशिवाय त्यांचे पानही हलत नाही. पुढे एकनाथांनी भारुडांतून वेडी, आंधळा, जोशी अशी सोंगे आणून तीच वाट वहिवाटीची केली. तमाशातला सोंगाड्या देवाची आणि राजाची टोपी उडवतो, तीही याच हक्काने. अम्र आणि सोंगाड्या यांनी एकमेकांना कधी पाहिले नसेल, पण भेटले असते तर ओळख करून देण्याची गरज पडली नसती.

मात्र या सर्वांना एका माळेत ओवताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. गोविंदप्रभूंच्या हसण्यात कोणाला लुटण्याचा हेतू नाही. अम्र मात्र लुटतोच. त्याची विद्या मालकाच्या सेवेत आहे आणि तिचा मोबदला तो चोख वसूल करतो. तो राजाविरुद्ध उठलेला बंडखोर नव्हे. शत्रूपक्षाच्या माणसाशी तो जे करतो ते पुष्कळदा क्रूर असते. आणि शत्रू कोण, हे तो नव्हे, तर कथेचा पंथाभिमान ठरवितो. दास्तानीतले परधर्मी म्हणजे जादूगार तरी किंवा मूर्ख तरी. आजच्या वाचकाने हसता हसता तेथे थबकावे, हेच योग्य. हास्य हे शस्त्र आहे, आणि शस्त्र कोणाच्या हाती आहे हा प्रश्न त्याला नेहमीच विचारावा लागतो.

तरीही ही कथा ज्या सहजतेने सीमा ओलांडत गेली, तिचे रहस्य या लबाडातच आहे. मलायी भाषेत हमजाची कथा पंधराव्या शतकातच पोचली होती. जावा बेटावर ती बाहुल्यांच्या खेळात शिरली. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्कावर चाल केली, तेव्हाचा एक प्रसंग मलायी बखरीत आहे. उद्या मरणाला सामोरे जायचे, म्हणून तरुण सरदारांनी सुलतानाकडे रात्री ऐकण्यासाठी एका वीराची कथा मागितली. सुलतानाने मात्र निरोप धाडून हमजाची कथा पाठविली. त्यांचे शौर्य त्यांनी मागितलेल्या वीराइतके थोर नसेल, असे त्याला वाटत होते. हमजाइतके असले तरी पुरे, असा त्याचा टोला होता. शेवटी सरदारांनी उलट उत्तर देऊन हवी ती कथा मिळविली. मलाक्का दुसऱ्या हल्ल्यात पडले. शहर कोसळण्याच्या आदल्या रात्री राजा आणि सरदार यांच्यात वाद होतो तो कोणती गोष्ट ऐकावी याबद्दल. यावरून गोष्टीकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्याने बोध घ्यावा.

पश्चिम आफ्रिकेतील अशांती लोकांचा अनान्सी कोळी हा अम्रचाच दूरचा भाऊ. जगातील सर्व गोष्टी एके काळी आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या. इवल्याशा अनान्सीने अजगर, बिबळ्या आणि गांधीलमाश्या यांना युक्तीने पकडून त्यांच्या बदल्यात त्या मिळविल्या, अशी तेथील श्रद्धा. अशांतींना गुलाम करून जहाजांतून वेस्ट इंडीजला नेण्यात आले, तेव्हा त्यांच्याजवळ अंगावरचे वस्त्रही धड नव्हते. पण अनान्सी त्यांच्याबरोबर जमैकात उतरला. उसाच्या मळ्यात चाबकाखाली राबणाऱ्याला हमजासारखा महावीर काय कामाचा? त्याला हवा होता तो मालकाला फसवून जिवंत राहणारा कोळी. वीरकथा ज्यांची जमीन आहे त्यांना शोभते. ज्यांची जमीन गेली, त्यांना लबाडाची कथा पोसते. पाटहून निघालेले घराणे, ठठ्ठ्याहून आलेला मुल्ला, राज्य हरवून विनोद राखणारा जानी बेग आणि साखळदंडांत अटलांटिक ओलांडणारे अशांती यांच्या दुःखांची तुलना होऊ शकत नाही. मुल्लाला पालखी मिळाली, अशांतींना चाबूक. परंतु आपले गाव मागे टाकून आलेल्याच्या शिदोरीत हे हसणे पुनःपुन्हा आढळावे, हा निव्वळ योगायोग खास नव्हे.

अशा या कथेला मोठा धोका पोचला तो तलवारीकडून नव्हे, तर प्रतिष्ठेकडून. एकोणिसाव्या शतकात नवे शिक्षण आले आणि वाङ्मयाने माणसाला सुधारलेच पाहिजे, असा दंडक पडला. उर्दूतील आद्य कादंबरीकार नझीर अहमद यांच्या १८७० नंतरच्या दशकातील ‘तौबतुन्नसूह’ या कादंबरीत धर्मनिष्ठ बाप आपल्या उडाणटप्पू मुलाचा ग्रंथसंग्रह जाळून टाकतो. त्या राखेत जुने किस्से असतात. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून पुढील काही दशकांत हमजाच्या दास्तानीचे सेहेचाळीस प्रचंड खंड काढले, हे खरे. पण विद्वानांच्या लेखी ते वाचन चोरून करण्याचे होते. मराठीतही ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुत कादंबऱ्यांची पहिली पिढी लवकरच थट्टेचा विषय झाली. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ या निबंधात या प्रकाराची कठोर झाडाझडती घेतली. त्यांच्या टीकेत तथ्य होते. राजपुत्र आणि राजकन्या यांचे अश्रू पुसून वाचक खरोखरीच थकला होता. परंतु गंमत अशी की, त्याच वर्षी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा ‘साक्षीदार’ हा पहिला विनोदी लेख प्रसिद्ध झाला. पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाखाली अशा लेखांचा संग्रह निघाला. पुराणातल्या दरिद्री सुदाम्याला त्यांनी आपल्या काळात आणून बसविले आणि बंडूनाना व पांडूतात्या यांच्या संगतीने त्याच्याकडून समाजातील रूढींची हजामत करविली. कोल्हटकरांनी वकिली आणि लेखन जेथे केले ते जळगाव-जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी, बऱ्हाणपुराहून फारसे लांब नाही. ऐयाराला दारातून हाकलले, तर तो वेष पालटून खिडकीतून आत आला होता.

दास्तान सांगणाऱ्यांचे नशीब मात्र तितके बलवत्तर नव्हते. या परंपरेतील अखेरचे मोठे नाव म्हणजे दिल्लीचे मीर बाकर अली. त्यांच्या आवाजाचा एक अल्पसा नमुना १९२० मध्ये ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणासाठी ध्वनिमुद्रित झाला, म्हणून तो आज ऐकायला मिळतो. ते १९२८ साली वारले. उतारवयात त्यांना सुपारी विकून चरितार्थ चालवावा लागला. एका कथेकऱ्याची चार हजार चारशे रुपयांनी तुला झाली होती. तीनशे वर्षांनंतर त्याच विद्येचा वारस तराजू हाती घेऊन दुसऱ्यांना सुपारी तोलून देत होता. काटा तोच होता; पारडे फिरले होते.

ही कथा येथेच संपली असती, पण ऐयार असा संपत नाही. २००५ सालच्या मे महिन्यात दिल्लीत महमूद फारुकी यांनी शम्सुर्रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाने दास्तानगोईचा प्रयोग रंगमंचावर पुन्हा उभा केला; पांढरे अंगरखे घातलेले दोघेजण गादीवर बसतात, ना पडदा, ना देखावा, आणि अम्र ऐयाराचे नाव निघताच एकविसाव्या शतकातले प्रेक्षक हसू लागतात. त्याच वर्षी नील गेमन या इंग्रज लेखकाची ‘अनान्सी बॉइज’ ही विनोदी अद्भुत कादंबरी प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये एका कचेरीत हिशेबाचे काम करीत मान खाली घालून जगणारा एक भिडस्त तरुण. त्याचा बाप एका रात्री गाणे म्हणता म्हणता रंगमंचावरच मरतो, आणि मग कळते की, बाप साक्षात अनान्सी देव होता. पाठोपाठ दारात उभा राहतो तो आजवर ठाऊक नसलेला भाऊ. तो देखणा, निर्लज्ज आणि दैवी लबाडीचा वारस. तो धाकाशिवाय जगतो आणि भिडस्त भावाची नोकरी, घर व वाग्दत्त वधू यांची दाणादाण उडवतो. वाचक पानोपानी हसतो. पण कादंबरीचा गाभा गंभीर आहे. पूर्वी सगळ्या गोष्टी वाघाच्या होत्या, म्हणून त्या भुकेच्या आणि रक्ताच्या होत्या. कोळ्याने त्या जिंकल्यानंतर माणसे बळाऐवजी बुद्धीने प्रश्न सोडवू लागली, असे ती सांगते. आणि दोघे भाऊ एकमेकांवाचून अपुरे आहेत, हेही. भिडेला थोडा निर्लज्जपणा हवा आणि निर्लज्जपणाला थोडी भीड.

हमजा आणि अम्र यांची जोडी नेमकी हीच नव्हे काय? हमजाला अम्र नसता, तर त्याचे शौर्य दगडी पुतळ्यासारखे झाले असते. अम्रला हमजा नसता, तर त्याची चतुराई निव्वळ चोरी ठरली असती. जुन्या कथेकऱ्यांना हे मर्म ठाऊक होते. म्हणूनच दास्तानीची चार अंगे सांगताना त्यांनी रणसंग्राम, दरबार आणि प्रेम यांच्या पंक्तीला चौथे पान मांडले ते ऐयारीचे. विनोदाला त्यांनी पायरीवर बसविले नाही.

अशा पुस्तकाचा आस्वाद घेताना ‘हे खरे का?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे झोळीची लांबी-रुंदी मोजण्यासारखे आहे. विचारण्याचा प्रश्न दुसराच आहे: या हसण्याने कोणाला धीर आला? मांडवगडावरच्या बादशहाला विरंगुळा हवा होता, म्हणून त्याने रुपये मोजले. पण ती गोष्ट तेथवर ज्यांच्या ओठांवर बसून आली, त्या पांगलेल्या, हरलेल्या, परगावी बिऱ्हाड मांडणाऱ्या माणसांना ती विरंगुळ्याहून अधिक काही देत असली पाहिजे. सिंधीपुऱ्याचे नाव चार शतके टिकले. सिंधची तर्खान राजवट, फारुकी सुलतान आणि मोगलांची सुभेदारी यांतले काहीही टिकले नाही. बऱ्हाणपूर १७६० मध्ये मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांचे झाले, मग इंग्रजांचे झाले. दर खेपेस कोणीतरी जिंकले आणि कोणीतरी जानी बेगसारखे सभेत खाली बसून राहिले. जिंकणाऱ्यांची काव्ये दप्तरांत गेली. खाली बसलेल्याने हसून मारलेला टोला मात्र अजून सांगितला जातो, आणि ऐकणारा अजून हसतो.